मिरवणुकीच्या वाटेवर वाळत घातलेल्या चादरी

प्रिय अनया आणि लुकास,

तुम्ही कॉव्हेंट्री सोडलंत ती सकाळ तुम्हाला आठवत नसणार. अनया सहा वर्षांची होती, लुकास तीन. दारात भाड्याची व्हॅन उभी होती आणि कुठला खोका कुठे बसेल याचा तुमच्या बाबांनी कागदावर चक्क नकाशा काढला होता. स्टेफान हा जावई मला का पसंत पडला, ते त्या दिवशी पुन्हा एकदा कळलं. नकाशाप्रमाणे सगळं बसलं. उरला फक्त माझा मोठा प्रेशर कुकर. तो तुमच्या आईने मांडीवर घेतला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाली, "आई, एक वर्ष बघतो. नाही जमलं तर परत येतो. प्रॉमिस."

व्हॅन वळल्यावर मी रस्त्यात फार वेळ उभी राहिले नाही, कारण समोरची बाई पडद्याआडून बघत होती. आत येऊन मागच्या खोलीतल्या तुमच्या दोन्ही बिछान्यांवर धुतलेल्या चादरी घातल्या आणि कोपरे नीट खोचले. वर्षभर महिन्याच्या पहिल्या शनिवारी या चादरी बदलायच्या असं ठरवून टाकलं. झोपायला कोणी नसलं तरी. तुम्ही परत याल तेव्हा खोली तयार असायला हवी होती.

हे सगळं आज लिहायचं कारण लुकासचा मागच्या महिन्यातला फोन. "आजी, तू खरंच पोपचा अपमान करायला लाल साड्या टांगल्या होत्यास का?" शाळेत गावाच्या जुन्या चालीरीतींवर निबंध लिहायचा होता आणि वर्गातल्या एकाने आपल्या आजीकडून ऐकलेली हकीकत सांगितली होती. तर, साड्या नव्हत्या. लाल काहीच नव्हतं. पोपचा संबंध नव्हता. चार चादरी होत्या, माझे दोन परकर होते आणि लुकास, तुझ्या सात छोट्या चड्ड्या होत्या. गोष्ट गावात फिरता फिरता अशी वाढलेली असेल, तर निदान तुमच्या घरात तरी ती खरी असावी. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत मी जन्मभर शाळेच्या ऑफिसातली पत्रं लिहिली. इंग्रजीत लिहायला बसले की पालकांना सूचना दिल्यासारखं होतं. तुमची आई वाचून दाखवेल. तिच्याबद्दल लिहिलेलं तिने गाळू नये.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी घर सोडलं ते नगरहून. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, आमचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. तुमचे आजोबा माझ्या आधी दीड वर्ष इंग्लंडला, या कॉव्हेंट्रीला येऊन मोटारींच्या कारखान्यात लागले होते. मी निघाले तेव्हा मिशनच्या आवारात सगळी मंडळी जमली, पाळकांनी प्रार्थना केली, आणि ती चालू असतानाच आईने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "परक्यांच्या गावात आवाज चढवायचा नाही, सुनीती. आपण पाहुणे." वडिलांनी आमेन म्हणून डोळे उघडले आणि त्यांचं सांगितलं, "पत्रावर तारीख घालत जा."

मी दोघांचंही ऐकलं. कॉव्हेंट्रीत आमच्या घराजवळच चर्च होतं, प्रॉटेस्टंट, आमच्यासारखंच. पहिल्या रविवारी सगळे येऊन हात मिळवून गेले. एक बाई म्हणाल्या, "किती छान रंग आहे तुमच्या साडीचा." पुढच्या रविवारी त्याच म्हणाल्या, "ही पण किती छान." पुढची कित्येक वर्षं असंच चाललं. मी चहाच्या पाळीत होते, फुलांच्या पाळीत होते, कुणी काही सुचवलं की मी "हो, अवश्य" म्हणायचे. कुणी मला कधी वावगं बोललं नाही. मार्जरी म्हणून चर्चच्या समितीत आहेत, त्या मात्र दर उन्हाळ्यात विचारायच्या, "यंदा घरी जाणार का?" माझं घर तिथून चार मिनिटांवर होतं. मी म्हणायचे, "बघू या."

आता जर्मनीतलं तुमचं गाव. त्याचं नाव मी म्हटलं की तुम्ही दोघं हसता, म्हणून इथे ते लिहीत नाही. तुमच्या बाबांची लहानपणची सुट्टी तिथे लीसेलआत्यांकडे जायची. त्या बाबांच्या वडिलांच्या आत्या. त्या गेल्या आणि घर बाबांना मिळालं. नेमके त्याच वर्षी गावातले म्हातारे डॉक्टर निवृत्त होत होते, आणि तुमच्या आईने ठरवलं की तो दवाखाना आपण घ्यायचा. जर्मन भाषेची परीक्षा दिली, कागदपत्रं केली, सगळं केलं. फक्त पेशंट येईनात. गावातले लोक बस पकडून शहरातल्या डॉक्टरकडे जात आणि बसथांब्यावर तुमच्या आईला भेटल्यावर अगदी नम्रपणे मान लववत. जून उजाडला तेव्हा वर्षातले दहा महिने संपत आले होते. मी सहा आठवड्यांसाठी मदतीला आले ती तेव्हा. संध्याकाळी दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्च्या पुसताना तुमची आई म्हणाली, "ऑगस्टपर्यंत बघते, आई. मग स्टेफानशी बोलते. कॉव्हेंट्रीत मला जॉब लगेच मिळेल." मी म्हटलं, "घाई करू नकोस." आणि मनात म्हटलं, चादरी तयार आहेत.

तुमच्या गावात चर्च एकच आहे, पण मंडळ्या दोन. जुन्या काळी राजाने धर्म बदलला की प्रजेला बदलावा लागायचा. या गावाने म्हणे एका माणसाच्या आयुष्यात तीनदा बदलला. पुढे दुसऱ्याच कुठल्या राजाचं सैन्य आलं आणि त्याने हुकूम काढला की चर्च दोघांनी वापरायचं. तेव्हापासून पुढचा नक्षीदार भाग कॅथलिकांचा आणि मधलं साधं टेबल प्रॉटेस्टंटांचं. गीतांचे आकडे लावायच्या पाट्या दोन, किल्ल्या दोन. दारावर वेळ लिहिलेली असते: नऊ वाजता कॅथलिक, साडेदहाला प्रॉटेस्टंट. एका पाद्र्याला मुद्दाम लांबण लावायची सवय होती. प्रॉटेस्टंट लोक बाहेर भिजत उभे राहायचे आणि वैतागून दारातच मोठ्याने आपली गीतं सुरू करायचे. दीर्घकाळ तर दोघांची कॅलेंडरंही वेगळी होती, दहा दिवसांच्या फरकाची. एका घरात ईस्टरची रंगवलेली अंडी आणि समोरच्या घरात अजून दुःखाचा आठवडा.

हे सारं मला नंतर कळलं. आल्या आल्या मला एवढंच कळलं होतं की बेकरीतल्या बाईने पाव देण्याआधी विचारलं, "कॅथलिक की प्रॉटेस्टंट?" आणि मी मोठ्या अभिमानाने खरं ते सांगितलं. आपल्या धर्माची चौकशी कुणी इतक्या सरळ करतं आहे याचंच मला कौतुक वाटलं. दुपारपर्यंत गावात सगळ्यांना माहीत होतं.

आठ दिवस पाऊस लागला होता. नवव्या दिवशी, गुरुवारी, ऊन पडलं. सुट्टी होती. कॅथलिकांचा फ्रोनलाइखनाम नावाचा सण, ख्रिस्ताच्या देहाचा. मिरवणूक निघते, रस्त्यावर फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे घालतात, हे तुमच्या आईने सांगितलं होतं. तुम्ही चौघं मिरवणूक बघायला वर चर्चच्या चौकात गेलात. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी एवढं उरकून येते."

घरात आठ दिवसांचे धुवायचे कपडे साठले होते. मागच्या अंगणात सावली. पण घराच्या पुढच्या भिंतीत, वरच्या मजल्याच्या खिडक्यांच्या दोन बाजूंना, दोन भक्कम लोखंडी आकडे होते. आल्यापासून मी ते बघत होते. रस्त्याकडे तोंड, सकाळचं पूर्ण ऊन, खिडकीतून हात पोचतो. ज्या कुणी बाईने हे आकडे ठोकून घेतले तिला घरकामाची अक्कल होती, असं मला वाटलं. फडताळात त्याच मापाची दोरी सापडली. मी ती बांधली, चादरी घातल्या, त्यांच्या मधल्या जागेत परकर आणि कडेला चड्ड्या, उंचीप्रमाणे.

शेवटचा चिमटा लावत होते तेवढ्यात कोपऱ्यावरून बँड आला. मागून पांढऱ्या कपड्यांतल्या मुली पाकळ्या उधळत, मग चार माणसांनी धरलेल्या छत्राखाली सोन्याचं पात्र दोन्ही हातांत उंच धरलेले पाद्री, आणि मग सारं गाव. खाली बघितलं तर आपल्या दारासमोरच पाकळ्यांचा गालिचा. बँडमधला एक सूर घसरला, मग दुसरा, आणि तुतारीवाला थांबलाच. पाद्र्यांनी वर पाहिलं. समोरच्या घरातल्या हिल्डेबाई काळ्या रेशमी पोशाखात, काठी टेकत, पहिल्या रांगेत होत्या. त्या माझ्याकडे बघून मोठ्याने काहीतरी बोलल्या. मला वाटलं, सणाच्या शुभेच्छा देताहेत. मी चिमट्यांची पिशवी असलेला हात हलवला आणि हसून म्हटलं, "गुड मॉर्निंग!"

तुम्ही घरी आलात तेव्हा अनया रडत होती, कारण चौकात कुणीतरी तिच्याशी खेळायचं थांबलं होतं. बाबांचा चेहरा उतरलेला. लहानपणी इतक्या सुट्ट्या तिथे काढून त्यांनाही हे माहीत नव्हतं. चौकातच कुणीतरी सांगितलं. या गावात पूर्वी प्रॉटेस्टंट बायका कॅथलिकांच्या या सणाला मुद्दाम मिरवणुकीच्या वाटेवर धुणं वाळत घालायच्या. तुमचा सण आम्ही मानत नाही, आमचा हा कामाचा दिवस, असं सांगायला. आणि सगळ्यात जास्त धुणं कुणाकडे? लीसेलआत्यांच्या आईकडे. ते आकडे त्यासाठीच होते. वर्षातून एका दिवसासाठी.

तुम्हाला खेळायला पाठवून तुमची आई माझ्यासमोर बसली. रागात तिची मराठी नेहमीच घसरते.

"आई, पूर्ण गाव बघत होता."

"मला माहीत नव्हतं गं."

"तुला माहीत नव्हतं, ओके. पण तू विचारायचं ना! हू डझ लाँड्री ऑन अ फेस्टिवल? सगळा प्रॅक्टिस संपला आता. जे दोन-चार कॅथलिक येत होते ते पण गेले."

"मी जाऊन माफी मागते."

तिने खुर्ची पुढे ओढली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुला आम्ही परत यायला हवं आहे ना? खरं सांग. मी तुला ब्लेम करत नाही. पण सांग."

मुलांनो, चादरी मी मुद्दाम टांगल्या नव्हत्या. पण या प्रश्नाला मला लगेच "नाही" म्हणता आलं नाही, आणि तुमच्या आईने ते पाहिलं. ती उठून दवाखान्यात गेली आणि सुट्टी असूनही पुसलेल्या खुर्च्या परत पुसत बसली. मी स्वयंपाकघरात बसून होते. दहा महिने मी जी गोष्ट मागत होते ती आता होणार होती, माझ्याच हाताने, आणि ती मला नकोशी झाली होती. लेक घरी परत यावी असं वाटणं वेगळं. ती हरून यावी, आणि तिला हरवणारी मी असावी, हे मी कधी मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रव्याचे लाडू केले आणि समोर गेले. हिल्डेबाईंनी दार उघडलं. त्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. लाडूंकडे त्यांनी पाहिलंही नाही. तरुणपणी त्या अमेरिकन सैन्याच्या छावणीत स्वयंपाकघरात कामाला होत्या, त्यामुळे त्यांचं इंग्रजी अमेरिकन सैनिकांचं.

"कुणी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"तुमच्या पाळकाने?"

"नाही हो. ऊन होतं म्हणून."

"ऊन होतं म्हणून!" त्यांनी मला आत घेतलं, खुर्ची दाखवली आणि स्वतः उभ्याच राहिल्या. "हनी, माझी जपमाळ चुकली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. प्रार्थना सोडून मी तुझे परकर मोजत होते."

मी पुन्हा माफी मागितली. त्या ऐकत नव्हत्या. त्या खिडकीतून समोरच्या आकड्यांकडे बघत होत्या. मग बोलायला लागल्या. लीसेलआत्यांची आई धुणं घालायची, तेव्हा हिल्डेबाईंच्या वडिलांनी काय करावं? गुड फ्रायडेला, प्रॉटेस्टंटांच्या सगळ्यात पवित्र दिवशी, शेणखताची गाडी भरायची आणि बरोबर साडेदहाला, ते चर्चला निघाले की, दोनदा त्यांच्या दारावरून न्यायची. उन्हात. हळू. "माझी आई घरात बसून हसायची आणि मग पाद्र्याकडे जाऊन पापाची कबुली द्यायची. दर वर्षी तेच पाप." मग दोन्ही पाद्र्यांनी बसून समेट केला आणि हे बंद झालं. पुढे चर्चच रिकामं व्हायला लागलं. आता बँडमधले निम्मे लोक शेजारच्या गावातून आणावे लागतात.

मग त्यांनी मला मागच्या खिडकीशी नेलं. गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा होती, गवत उगवलेली. "तिथे ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर होतं. त्यांच्याशीही गाव भांडायचं. गुरं, बांध, विहीर. मी अगदी लहान होते." त्यांनी पडदा आणखी बाजूला सारला. "मग एके दिवशी ते नव्हते. आणि आमच्यातलं कुणी त्यांच्या बाजूने भांडलं नाही." दाराशी येताना त्यांनी लाडवांचा डबा माझ्या हातातून काढून घेतला. "माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नकोस," म्हणाल्या. "मी अजून रागावलेली आहे."

शुक्रवारी दवाखान्यात कुणी आलं नाही. सोमवारी दार उघडलं आणि एक म्हातारा शेतकरी गुडघा धरून आत आला. प्रॉटेस्टंट. आधी माझा हात धरून जोरजोरात हलवला, काय काय बोलला, डोळे पुसले, मग गुडघा दाखवला. त्यानंतर दोन बहिणी आल्या, रक्तदाबासाठी. प्रॉटेस्टंट. त्यांनीही माझा हात हलवला. तुमच्या आईने कपाळावर हात मारला. "आई, हे अजून वाईट झालं. आता मी एका पार्टीची डॉक्टर!" तिचं खरं होतं. रिकाम्या दवाखान्याला गाव विसरलं असतं. निम्म्या गावाच्या दवाखान्याला उरलेल्या निम्म्याने कधी माफ केलं नसतं.

बुधवारी साडेदहाला खुर्च्यांवर पाच जण होते, पाचही प्रॉटेस्टंट. दार उघडलं आणि काठी टेकत हिल्डेबाई आल्या, काळ्या रेशमी पोशाखात, जसं काही चर्चला निघाल्या आहेत. त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि मधल्या खुर्चीवर बसल्या. मग आधी जर्मनमध्ये आणि नंतर माझ्यासाठी इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी पायासाठी आले आहे. चादरींसाठी नाही. चादरींचं वेगळं बघू."

त्यांच्या पायावर जखम होती, महिनोन्‌महिने न भरलेली. शहरात जायला बसमध्ये चढता येत नव्हतं म्हणून त्या घरीच काहीबाही बांधत होत्या. तुमची आई दिवसाआड पट्टी बदलायला लागली. घरातून रस्त्याच्या टोकाच्या दवाखान्यापर्यंत काठीने यायला त्यांना दहा मिनिटं लागायची आणि त्या दहा मिनिटांत सारा रस्ता त्यांना बघायचा. पुढच्या आठवड्यात त्यांची भाची आली. मग बेकरीतली बाई आली, खोकल्यासाठी, आणि जाताना म्हणाली की खोकला दोन वर्षांपासून आहे. कॅथलिक यायचे ते मला एकदा रागाने बघून घ्यायचे, मग खुर्चीवर बसायचे. तुमची आई म्हणायची, "आई, तू बाहेरच बस. तुला बघायला येतात आणि मग बीपी चेक करून जातात."

जुलैत मी कॉव्हेंट्रीला परत आले. ऑगस्टच्या शेवटी तुमच्या आईचा फोन आला. आवाजावरूनच मला कळलं, पण तिला सांगू दिलं.

"आई, आम्ही राहतोय. रागावणार नाहीस ना?"

मी म्हटलं, "नाही," आणि या वेळी मला थांबावं लागलं नाही. छातीवर जूनपासून जे बसलं होतं ते उतरलं. तुम्ही दूर राहणार हे त्याच वाक्यात होतं, तेही मला समजलं होतं, तरी उतरलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी तुमच्या बिछान्यांवरच्या चादरी काढल्या, धुतल्या, आणि त्या जागी दुसऱ्या घातल्या नाहीत. खोलीत आता माझं शिवणाचं मशीन आहे. तुम्ही सुट्टीत आलात की ते हलवते.

पुढच्या ईस्टरला मी तुमच्याकडे होते. गुड फ्रायडेला आपण सगळे गडद कपडे घालून साडेदहाच्या उपासनेला निघालो. दार उघडलं तर समोरून हिल्डेबाईंचा पुतण्या येत होता. चांगला पन्नाशीचा, बँकेत नोकरीला असलेला माणूस, लाजेने कानापर्यंत लाल झालेला. हातात एकचाकी गाडी, तिच्यात वाफाळणारं ताजं शेणखत. मागे हिल्डेबाई, काठी नसलेला हात पाठीवर, पाय आता पुष्कळ बरा. आपल्या दारावरून पुढे गेले, वळले, आणि परत आले. हळू.

"गुलाबांना लागतं," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "आजच आठवलं."

तुमच्या आईने दाराची चौकट धरली. मला वाटलं, रडते आहे. ती इतकी हसत होती की तिला उभं राहवेना. "आई, त्यांनी आपल्याला केलं! आपल्याला!" उपासनेभर तिचे खांदे हलत होते आणि पाळक बघत होते. त्या दिवशी मला पटलं की माझी लेक आता त्या गावची झाली. नुसतं नम्रपणे मान लववत होतं तोवर ते गाव तिचं नव्हतं.

तुम्ही दोघं आणि तुमची आई मला दर वर्षी विचारता, "आजी, तू इकडेच का येत नाहीस?" त्याचं उत्तर लिहिते आणि थांबते.

आमच्या कॉव्हेंट्रीच्या चर्चमध्ये महिन्यातल्या एका रविवारी दुपारी दोन वाजता मराठी उपासना असते. इथली आणि लेस्टरची मिळून बारा-पंधरा घरं येतात. त्या गुड फ्रायडेनंतर दोन महिन्यांनी समितीचं पत्र आलं. अतिशय गोड भाषेत. दुपारी आता गायकवृंदाची तालीम असल्याने आम्ही स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीत बसावं. आमच्यातले सगळे म्हणाले, चालेल, त्यांचंच चर्च आहे. मी समितीच्या सभेला गेले आणि हात वर केला. सांगितलं की मी इथे चाळीस वर्षं चहा करते आहे, दोनची वेळ आमची आहे आणि आम्ही ती सोडणार नाही. माझ्या नातवंडांच्या गावी एका चर्चमध्ये दोन मंडळ्या शेकडो वर्षं राहिल्या आहेत, दारावर दोन वेळा लिहून, इथेही लिहा. माझा आवाज चढला होता. मार्जरींचाही चढला. त्या म्हणाल्या, "सुनीती, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुला इथे काय कमी पडू दिलं आम्ही?" मी म्हटलं, "किल्ली."

किल्ली मिळाली. दारावर दोन वेळा लागल्या. मार्जरी तीन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. मग बोलल्या तेव्हा मला माझ्या चहाबद्दल त्यांचं खरं मत कळलं. त्या उन्हाळ्यापासून त्यांनी मला "घरी जाणार का" असं विचारलेलं नाही. मी घरीच आहे, हे त्यांना माझ्याआधी पटलं असावं. जिथे मी काय करते याने कुणाचं तरी डोकं फिरतं, तिथे मी राहते. तुमचं तसं गाव आहे. माझं हे आहे. म्हणून मी येत नाही, आणि म्हणून तुमची काळजीही करत नाही.

आमची उपासना संपली की बरोबर साडेतीनला मार्जरी खुर्च्या बघायला येतात. सरळ रांगेत, भिंतीपासून एक फूट, असा नियम आहे. मला असं सगळं आवडतं हे तुम्हाला माहीत आहे. मी सगळ्या खुर्च्या लावते, फुटपट्टीने लावल्यासारख्या. आणि शेवटची एक जराशी वाकडी करून ठेवते.

तुमची,
आजी